उरल्यासारखे वाटणारे ५,४५० रुपये

ताई, तुम्ही जे लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते. वय ४१. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहात, हातात ३४,००० येतात. मिस्टर नोकरीत असतानाच, अडीच वर्षांपूर्वी अचानक गेले. मुलगा सोळाचा, यंदा अकरावी सायन्स. मुलगी तेराची, आठवीत. घर भाड्याचं. ४०,००० चं सोनेतारण कर्ज. मिस्टरांच्या पीएफचे आलेले १,८०,००० ठेवीत आहेत. मुलाला नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास हवाय, फी १,४०,०००. मुलीला फोन हवाय. मुलगा घरात फारसा बोलत नाही आणि बोललाच तर चिडून. दीर म्हणतात, गावी या. आणि प्रश्न असा: "मी कुठेही उधळत नाही, तरी दर तीन-चार महिन्यांनी पैसे कमी का पडतात? आणि हे मुलांना कसं सांगू?"

मी स्वतः अडतिसाव्या वर्षी तुमच्या जागी होते, दोन मुलांसकट. नोकरी पतसंस्थेत, कर्ज विभागात. सव्वीस वर्षं तिथे काढली आणि निवृत्तीनंतर एका कुटुंब सल्ला केंद्रात आठवड्यातून तीन दिवस बसते. तेव्हा सोनं तारण ठेवायला आलेली बाई मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेली आहे.

आधी तुमची यादी. भाडं ९,५००, किराणा ६,०००, दूध २,२००, भाजी-फळं-अंडी २,८००, गॅस ९००, वीज १,१००, मोबाइल आणि नेट ९००, पेट्रोल १,८००, मुलांचं येणं-जाणं ९००, सोनेतारणाचं व्याज ४५०, विम्याचा हप्ता २,०००. बेरीज २८,५५०. म्हणजे ५,४५० उरायला हवेत, आणि "ते कुठे जातात कळत नाही" असं तुम्ही लिहिलंय. मग मुलांच्या वरखर्चावर, स्वतःच्या चहा-नाश्त्यावर संशय घेतलाय. तो संशय सोडा. यादीत एक अख्खी बाजूच लिहायची राहिली आहे.

पत्रात इकडेतिकडे आलेले वर्षाचे खर्च मी एकत्र केले. मुलीची शाळा २२,०००, मुलाचं कॉलेज १४,०००, वह्या-पुस्तकं-गणवेश-बूट ९,०००, दिवाळी १०,०००, गाडीचा विमा, सर्व्हिसिंग आणि टायर धरून ६,०००, लग्नकार्यं, आहेर आणि गावाला जाणं १०,०००, दवाखाना, दात, चष्मे ११,०००. झाले ८२,०००. बाराने भागा, ६,८३३. तुमच्याकडे उरतात ५,४५०. दर महिन्याला १,३८३ ची तूट आहे, फक्त ती महिन्याच्या महिन्याला दिसत नाही. जूनमध्ये दिसते, दिवाळीत दिसते, कुणाची दाढ दुखली की दिसते. अडीच वर्षांत ही तूट साधारण एक्केचाळीस हजार होते. तुमचं सोनेतारण किती? चाळीस हजार. ताई, तुमचे पैसे कुठेही गळत नाहीयेत. तुमचा हिशेब महिन्याचा आहे आणि मुलं खर्चतात वर्षाच्या हिशेबाने, एवढंच झालंय.

हे मी मुद्दाम ताणून सांगतेय, कारण सल्ला केंद्रात येणाऱ्या बहुतेक जणी आधी भाजीत काटकसर करतात. तेरा आणि सोळा वर्षांच्या मुलांच्या घरात दूध-अंडी तोडून फार तर पाचशे वाचतात, आणि मुलं रात्री दहाला बिस्किटांचे पुडे फोडतात. तिथे हात लावू नका.

एक दुसरं बचत खातं उघडा. त्याचं एटीएम कार्ड घेऊ नका, यूपीआयला जोडू नका. पगाराच्या दिवशीच ६,८०० तिकडे वळते करायचे आणि वरच्या यादीतले वर्षाचे खर्च फक्त तिथूनच करायचे. मग पहिल्याच महिन्यात तूट तुमच्या डोळ्यांसमोर येईल. ती भरून कशी काढायची? दोन ठिकाणं मला दिसतात.

पहिलं, सोनं. ठेवीवर तुम्हाला सहा-सात टक्के मिळत असणार. सोनेतारणावर तुम्ही भरताय साडेतेरा. सहा-सातच्या दराने मिळवायचं आणि साडेतेराच्या दराने भरायचं, हा धंदा पतसंस्थेच्या फायद्याचा, तुमच्या नाही. ठेवीतून ४०,००० काढून सोनं सोडवा, महिन्याचे ४५० सुटले. (ठेव एकच असेल तर ती अर्धवट मोडता येते का ते बँकेत विचारा, नाहीतर पूर्ण मोडून उरलेल्याच्या दोन ठेवी करा. सगळे पैसे कधीही एका पावतीत ठेवू नयेत.) उरतात १,४०,०००, म्हणजे नेमकी क्लासची फी. हा योगायोग तुमच्या मुलाच्याही लक्षात येईल. पण तो पैसा म्हणजे तुमची नोकरी गेली किंवा पाय मोडला तर तुम्हा तिघांचे जवळपास पाच महिने आहेत. त्याला क्लासचं नाव लावायचं नाही.

दुसरं, विमा. मिस्टर गेल्यावर नात्यातल्या एजंटने तुम्हाला चार लाखांची पॉलिसी दिली, हप्ता वर्षाला २४,०००. बोलायला कडू आहे, पण बोलते. या घरात कमावणारं माणूस एक, आणि ते उद्या नसलं तर मुलांना मिळणार चार लाख, म्हणजे तुमचा वर्षभराचा पगारही नाही. तुमच्या वयाच्या, तब्येतीने ठीक असलेल्या बाईला साठीपर्यंतचा ५० लाखांचा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) साधारण दहा-बारा हजारांत मिळतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. ११,००० धरले तर महिन्याचे अकराशेच्या आसपास सुटतात. क्रम मात्र चुकवू नका. आधी नवा विमा हातात येऊ द्या, मग जुन्याचं काय ते ठरवा. जुनी बंद केली तर किती परत मिळेल, चालू ठेवून हप्ते थांबवले तर काय होईल, हे शाखेतून लेखी घ्या. एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका, मग तो मामेभाऊ का असेना.

४५० आणि ११००, झाले १,५५०. तूट १,३८३ ची होती.

आता न मागितलेले पैसे. तुम्ही लिहिलंय "पीएफ मिळाला." पेन्शनबद्दल एक अक्षर नाही, म्हणून मला शंका आहे. पीएफ कापला जात असताना माणूस नोकरीत असतानाच गेला, तर तीन गोष्टी वेगवेगळ्या मिळतात. पीएफची शिल्लक ही एक. दुसरी, १९९५ च्या पेन्शन योजनेतून पत्नीला दरमहा पेन्शन, आणि त्याशिवाय दोन मुलांना प्रत्येकी तिच्या पेन्शनच्या पंचवीस टक्के, वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत. तिसरी, पीएफशी जोडलेला ठेव-संलग्न विमा, ज्याची कमाल मर्यादा सात लाख आहे. कंपनीतल्या बाबूने घाईत एकच फॉर्म भरून दिला आणि बाकीचं कुणी सांगितलंच नाही, असं मी कितीतरी घरांत पाहिलंय. मृत्यूच्या दाव्यासाठी या तिन्हींचा एकत्रित फॉर्म असतो. मिस्टरांचा यूएएन (पीएफचा कायमचा खाते नंबर), मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले घेऊन पीएफ ऑफिसात जा आणि एवढंच विचारा: "पेन्शनचा आणि विम्याचा दावा नोंदला गेलाय का?" पेन्शनचा आकडा फार मोठा नसतो. पण तो दरमहा येतो, आणि तो मुलांच्या वडिलांच्या कमाईतून येतो. मुलांना हे सांगाल तेव्हा त्यांचे चेहरे बघा.

लाडकी बहीणचं विचारलंत. त्याची मर्यादा कुटुंबाच्या वार्षिक अडीच लाखांची आहे, तुमचं उत्पन्न चार लाखांवर जातं, त्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशी करा. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी ती आहे, दर मुलामागे महिना २,२५०, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. निर्णय बालकल्याण समिती करते. मिळालं तर उत्तम, पण मंजूर होऊन पहिले पैसे खात्यात येईपर्यंत ते हिशेबात धरायचे नाहीत.

एक फाईल मात्र आत्ताच करा: उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असेल तर जातीचा दाखला आणि जातवैधता. ओबीसी, एसईबीसी (मराठा) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) घरांतल्या मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. खुल्या गटातल्या मुलाला राजर्षी शाहू योजनेत निम्मं शिक्षण शुल्क मिळू शकतं. या सवलती कागद वेळेत नसल्यामुळे हुकतात. बारावीच्या निकालानंतर तहसील कचेरीत रांग असते तेव्हा नाही, आज जा.

मुलांना कसं सांगायचं, याचं उत्तर द्यायला मी सर्वांत लायक आहे, कारण मी ते आधी पूर्ण चुकवलं होतं.

मुलांनी काही मागितलं की माझं एकच उत्तर असायचं, "बघू." नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि हो म्हणायला पैसे नव्हते. एके दिवशी मुलीची कंपासपेटी कर्कटक शोधायला उघडली. तळाशी, पेटीच्या मापाची घडी घातलेला शाळेच्या सहलीचा कागद होता. साडेतीनशे रुपये आणि पालकांची सही. सहल आठ दिवसांपूर्वी होऊन गेली होती. त्या दिवशी ती घरी होती आणि मला म्हणाली होती, शाळेला सुट्टी आहे. विचारलं तर म्हणाली, "तू बघूच म्हणाली असतीस." त्या महिन्यात माझ्याकडे साडेतीनशे होते हो. ती आठवीत होती, तुमच्या मुलीएवढी.

पुढच्या पगाराला मी बँकेतून सगळे पैसे शंभराच्या नोटांत काढून आणले आणि स्टुलावर ठेवले. भाड्याची गड्डी काढली, ती पाकिटात. किराण्याची काढली. फी, दूध, लाइट. मुलगा मोजत होता, मुलगी पाकिटांवर नावं लिहीत होती. शेवटी स्टुलावर सात-आठ नोटा राहिल्या. मुलगा कितीतरी वेळ त्या नोटांकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे बुटांचं जूनमध्येच करू." त्याने बूट नाकारले नाहीत, जूनवर ढकलले, आणि हा फरक फार मोठा होता. आजकाल पगार रोख कुणी आणत नाही, तुम्ही कागदावर करा. पण सॅलरी स्लिप, लाइट बिल आणि पासबुक खरंखुरं समोर ठेवा. पगारानंतरचा पहिला रविवार, जेवण झाल्यावर, अर्धा तास. त्याहून जास्त ताणलात तर पुढच्या वेळी मुलं गायब होतील.

आकडे सगळे सांगा. तुमची रात्रीची धास्ती सांगू नका. दीर काय बोलले, जाऊबाई काय बोलली, "मला काही झालं तर तुमचं काय", हे त्या कागदावर नको. त्यासाठी बहीण आहे, मैत्रीण आहे, आम्ही आहोत.

आणि इथे मुलाचं येतं. पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की तेराव्याला सगळे त्याला म्हणाले, "आता तूच घरातला कर्ता." तेव्हा तो साडेतेरा वर्षांचा होता. अडीच वर्षं तो मुलगा एका अशा नोकरीवर आहे जिचा पगार नाही, अधिकार नाही, आणि रजा तर नाहीच. त्यात तुम्ही रात्री त्याच्याशी गावच्या जमिनीचं बोलता. त्याची चिडचिड मला उर्मटपणा वाटत नाही. या वयाच्या मुलग्यांचं दुःख रडण्यातून क्वचितच बाहेर येतं, आदळआपट हाच त्यांचा मार्ग असतो. त्याला एकदा स्पष्ट सांगा की घराची कर्ती मी आहे, तू नाहीस, तुझं काम अभ्यास आणि घरातली तुझ्या वाटणीची कामं. त्या कामांत केर आणि कुकर दोन्ही येऊ द्या. बहीण पोळ्या लाटतेय आणि भाऊ "कर्ता" म्हणून बसलाय, असं नकळत होतं. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, मित्रही सुटले असतील तर मात्र वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही बोला, मग त्याला द्या.

क्लासचं. आधी एक अवघड प्रश्न स्वतःला विचारा: हा क्लास त्याला हवाय, की वडील असते तर त्यांनी घातला असता म्हणून तुम्हाला हवाय? आया अपराधी वाटण्यापोटी ज्या गोष्टी विकत घेतात त्यात क्लास सगळ्यात महाग. त्याला म्हणावं, एका कागदावर लिही: डॉक्टरच का, कॉलेजच्या पहिल्या दोन चाचण्यांत काय मिळालं, एनसीईआरटीचं पुस्तक स्वतः किती वाचून झालं. खरंच हवं असेल तर क्लासच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. वडील नसलेल्या मुलांना सवलत देता का, हे थेट विचारा. लाजू नका, बरेच देतात. संपूर्ण फी एकरकमी भरू नका. शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मध्येच क्लास सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी असं आहे. सगळे ते पाळतात असं नाही, पण परताव्याचा नियम पावतीवर लिहून मागायला तो आधार पुरतो. कर्ज काढायचंच तर ते बारावीनंतरच्या खऱ्या शिक्षणासाठी राखून ठेवा. तेव्हा बँक देते, आणि फेडायची मुदतही मिळते.

मुलीच्या फोनचं मी थोडक्यात उरकते: आठवीत स्वतःचा नको. घरातला जुना फोन बाहेरच्या खोलीत, शाळेच्या कामाला, रात्री तुमच्या उशाशी.

त्यापेक्षा दोघांना ठरावीक रक्कम हातात द्या. येण्या-जाण्याचे ९०० आणि मुलाच्या रिचार्जचे ३०० तुम्ही आताही देताच, पण मागतील तसे. तेच मुलाला ७०० आणि मुलीला ५०० असे एक तारखेला द्या, की बस, रिचार्ज, वडापाव सगळं त्यातच. पहिल्या महिन्यात मुलाचे पंधरा तारखेला संपतील. पुन्हा द्यायचे नाहीत. सायकल काढेल. मुलीचे सॅनिटरी पॅड मात्र घरखर्चातून, ते तिच्या पैशांत कधीही ढकलू नका.

दोन कामं राहिली, दोन्ही एका दिवसाची. तुमच्या पीएफवर, बँकेत, विम्यावर नॉमिनी कोण ते तपासा. विधवा बाईच्या खात्यावर गेलेल्या नवऱ्याचंच नाव नॉमिनी म्हणून राहिलेलं मी दर महिन्याला बघते. मुलं अज्ञान आहेत, तेव्हा विम्यात त्यांच्यासाठी पैसे स्वीकारणारी सज्ञान व्यक्तीही नेमावी लागते. आणि साध्या कागदावर मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, नोंदणी सक्तीची नाही. वडील नसताना आईला मृत्युपत्राने मुलांचा पालक नेमता येतो, हे फार कमी जणींना माहीत असतं. ते नाव दिरांचं की तुमच्या भावाचं, हे तुम्ही ठरवा, गावाने नाही. गावी जाण्याबद्दल माझं मत विचाराल तर अकरावी-आठवीच्या मधोमध नको. पण सातबाऱ्यावर तुमची आणि मुलांची वारस म्हणून नोंद झाली का ते पाहून या, आणि कुणी हक्कसोडपत्र पुढे केलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय पेनाला हात लावू नका.

रविवारच्या बैठकीत सुरुवातीला मुलीकडे दुधाचा हिशेब द्या. कॅलेंडरवर खाडे तिने मांडायचे, पैसे तिने चुकते करायचे. माझ्या मुलीने पहिल्याच महिन्यात गवळ्याला दारात उभं करून तीन खाडे दाखवले आणि पैसे वळते करून घेतले. गवळी मला म्हणाला, "बाई, हिशेब तुमच्याकडेच ठेवा की."